मागची सीट नसलेली गाडी

आमच्या घरात स्कूटर सुरू करायची एक रीत होती. पप्पा आधी ती स्टँडवरून उतरवत, दोन्ही हातांनी हँडल धरून एका अंगाला चांगली कलंडवत, क्षणभर तशीच धरून ठेवत आणि मग सरळ करून कीक मारत. कलंडवली की पेट्रोल जिथे पोचायचं तिथे पोचतं, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळा असो, पावसाळा असो, गाडी आत्ताच मेकॅनिककडून आलेली असो, कलंडवल्याशिवाय ती सुरू झाली तर पप्पांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दुसरी रीत आईच्या बाबतीतली होती. ती मागे बसली की पप्पा मान न वळवता विचारत, "बसलीस का?" आई "हं" म्हणाली की मगच गिअर पडायचा. या रीतीला इतिहास आहे. मी लहान असताना आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. एकदा हे दोघं उल्हासनगरला मावशीकडे निघाले होते. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून आई उतरली, फाटक उघडलं, गर्दी हलली, आई पिशवी सावरत होती आणि पप्पा निघाले. साहेबाला कामातलं काडीचंही कळत नाही हा त्यांचा आवडता विषय होता, तो ते वाटभर मागे बसलेल्या आईला रंगवून सांगत गेले. मावशीच्या दारात गाडी थांबवून "उतर आता" म्हणाले, तेव्हा मावशीनेच बाहेर येऊन विचारलं, ताई कुठंय? ताई शेअर रिक्षाने येत होती. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात फक्त मी बोलत होते.

आई उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत शिक्षिका. शाळेला ती रिक्षाने जायची, पण रविवारी विहारात वंदनेला, बाजाराला, लग्नाकार्याला, सगळीकडे पप्पांच्या मागे. एक हात त्यांच्या खांद्यावर, दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. खांदा एकदा दाबला की हळू, दोनदा दाबला की थांबा. पप्पा म्हणायचे, ही मागे बसून शेळ्या हाकते. पण दाबलं की थांबायचे.

मी सोळा वर्षांची झाले तेव्हा पप्पांनी मला स्कूटर शिकवली. मोठ्या हौसेने, क्वार्टर्सच्या मैदानावर, गिअर-क्लच-ब्रेक असं ओरडत. आईने तेव्हाच म्हटलं होतं, मलाही दाखवा. तर म्हणाले, तुझा बॅलन्स नाही. आणि मी आहे ना सोडायला. मला या वाक्याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. चालत्या स्कूटरवर एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर पाच किलो तांदूळ घेऊन जी बाई वर्षानुवर्षं बसते, तिचा बॅलन्स नाही तर कुणाचा आहे?

रिटायर झाल्यावर पप्पांनी बदलापूरला, खरवईत फ्लॅट घेतला. नवी बिल्डिंग, पाठीमागे शेतं, पाणी बारवी धरणाचं, पप्पा खूश. आणि तिथे गेल्यावर वर्षभरात त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, डोळा राहिला, पण नजर अधू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, दुचाकी बंद. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही.

स्कूटर खाली पार्किंगमध्ये निळ्या प्लास्टिकखाली गेली. पप्पा ती विकतही नव्हते आणि कुणाला हातही लावू देत नव्हते. दर रविवारी खाली उतरायचे, प्लास्टिक काढायचे, गाडी पुसायचे, कलंडवायचे, कीक मारायचे, जागच्या जागी इंजिन चालू ठेवायचे आणि परत झाकून वर यायचे. वॉचमन बिचारा दर वेळी गेट उघडायचा. आई म्हणाली, नुसती सडवण्यापेक्षा मला शिकवा, हँडल मी धरते. पप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. तुझा बॅलन्स नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी वर्षभर शिकागोत होते. आईच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तशी मी दोघांना बोलावून घेतलं. पप्पा उल्हासनगरहून घेतलेली जीन्स घालून विमानातून उतरले. साठीतली पहिली जीन्स. मागच्या खिशावर कुठल्याशा अमेरिकन नावाचं लेबल होतं. तसलं लेबल तिथल्या दुकानात कुठे दिसतं का हे ते पुढे आठवडाभर शोधत होते. सापडलं नाही, तेव्हा म्हणाले, इथं चांगला माल ठेवत नाहीत.

शिकागोला काठाशी उभं राहिलं तर पलीकडचा तीर दिसत नाही असा तलाव आहे. पप्पांनी तो पाहून बराच विचार केला आणि बारवीपेक्षा मोठा आहे असा निर्वाळा दिला. तेवढ्यात आमच्या समोरून हेल्मेट घातलेल्या माणसांची एक रांग सर्रकन गेली. सगळे उभे. पायाखाली एक फळी, फळीच्या दोन बाजूंना दोन चाकं, समोर एक दांडा. पॅडल नाही, आवाज नाही, धूर नाही. माणसं नुसती उभ्या उभ्या सरकत होती. पप्पा तिथेच खिळले.

त्याला सेगवे म्हणतात, असं मी सांगितलं. एक गाईड पुढे असतो आणि तो सगळ्यांना घेऊन तलावाच्या काठाने गाव दाखवतो. पप्पांनी एकच प्रश्न विचारला, लायसन्स लागतं का? मी नाही म्हणाले आणि तिथेच फसले.

घरी आल्यावर आईने आठवण करून दिली की डॉक्टरांनी दुचाकी बंद केली आहे. पप्पांनी खिचडीवर तूप ओढत शांतपणे खुलासा केला. दुचाकी म्हणजे एक चाक पुढे आणि एक मागे. इथे चाकं शेजारी-शेजारी आहेत. डॉक्टर याबद्दल काहीच बोललेले नाहीत. आयुष्यभर युनियनच्या मीटिंगांना बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पण त्यापुढे ते जे म्हणाले त्याने आईचा घास हातातच राहिला.

"हे जमलं ना, तर घरी गेल्यावर पहिली स्कूटर बाहेर काढणार. मग बघू डॉक्टर काय म्हणतो ते."

ते खरंच काढतील हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. खरवईतून अंबरनाथकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा बांधकामाचे डंपर दिवसभर धावायचे, आणि पप्पांना डावीकडून येणारी रिक्षासुद्धा अंगावर आल्यावर दिसायची. आई भांडी विसळताना मला हळूच म्हणाली, "त्यांना जमू नये असं वाटतंय मला. आणि तसं वाटतंय म्हणून वाईटही वाटतंय."

मी माझं आणि पप्पांचं बुकिंग केलं. गाड्यांना बंदी असलेला रस्ता, वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त, हे सगळं आधी विचारून घेतलं. आई बाकावर बसून आमच्या पिशव्या सांभाळणार असं ठरलं. म्हणजे कुणी ठरवलं नाही, ते तसंच असतं.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो. गाईड म्हणजे कॉलेजातली वाटावी अशी एक वेणीवाली मुलगी होती. तिने आधी सगळ्यांना शिकवणी दिली. पुढे झुका, गाडी पुढे जाते. मागे झुका, थांबते. दांडा ज्या बाजूला कराल त्या बाजूला वळते. बाकी काही नाही. पप्पा प्रत्येक वाक्याला फॅक्टरीतल्यासारखं "यस मॅडम" म्हणत होते. त्यांची पाळी आली. गाईडने गाडी धरली, पप्पा एक पाय, मग दुसरा पाय ठेवून झोकात उभे राहिले. तिने हात सोडला. आणि पप्पांनी, तीस वर्षांची सवय, दांडा दोन्ही हातांनी धरून एका अंगाला चांगला कलंडवला.

गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. पप्पा त्यावर ताठ उभे, चेहरा गंभीर, आणि जात्यासारखे गोल फिरताहेत. दांडा काही सोडेनात. गाईड धावली, तिने त्यांना थांबवलं आणि मला विचारलं की हे नक्की काय करत होते? मी तिला आमच्या स्कूटरचं पेट्रोल समजावून सांगितलं. ती म्हणाली, पण ही तर बॅटरीवर चालते. पप्पांना तेवढं इंग्रजी कळलं. ते म्हणाले, तरीपण.

त्यांची दुसरी अडचण उजव्या पायाची होती. स्कूटरचा मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो. थांबायचं म्हटलं की पप्पांचा पाय आपोआप फळी दाबायचा, फळी दाबली की वजन पुढे जायचं, आणि वजन पुढे गेलं की ती गाडी थांबायच्या ऐवजी जोरात सुटायची. नाचता येईना अंगण वाकडं. पप्पांनी जाहीर केलं की आपल्या मशीनमध्ये काहीतरी लोचा आहे.

इकडे आई बाकावर तोंडाला ओढणी लावून हसत होती. हसता हसता ती थांबली. मग उठली, पिशव्या बाकावरच ठेवल्या आणि माझ्याजवळ आली.

"विचार तिला, मला पण एक मिळेल का."

कुणीतरी आलं नव्हतं, एक गाडी शिल्लक होती. आईने ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला घट्ट बांधली, चाकात जाऊ नये म्हणून ती स्कूटरवर बांधायची तशी. गाईडने ती काढूनच ठेवायला सांगितली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना म्हणून अंबाडाही सोडावा लागला. पप्पा पलीकडून सांगत होते, अगं राहू दे, तुझा बॅलन्स नाही.

आईला गाईडचं बोलणं फारसं कळलं नव्हतं. तिने फक्त ती मुलगी कशी उभी राहते ते पाहिलं होतं. ती चढली, जराशी पुढे झुकली आणि निघाली. वळली. थांबली. पुन्हा निघाली. धक्का नाही, हिसका नाही. गाईडने विचारलं, यांनी आधी चालवली आहे का? मी नाही म्हणाले, पण मनात म्हटलं, तीस वर्षं. स्कूटरच्या मागे बसणाऱ्या बाईला हँडल नसतं, ब्रेक नसतो. तिच्याकडे फक्त स्वतःचं अंग असतं. वळणाला कुठे कलायचं, ब्रेकला कसं मागे रेलायचं, खड्ड्याआधी कसं हलकं व्हायचं, हे सगळं ती अंगानेच करते. या गाडीला तेवढंच हवं होतं. पप्पांना जे विसरावं लागत होतं ते आईला कधी शिकवलंच गेलं नव्हतं.

शिकवणी संपून आमची रांग निघाली. पुढे गाईड, तिच्यामागे बाकीची दोन-चार माणसं, मग पप्पा, आई आणि शेवटी मी. निघता निघता पप्पांनी मान न वळवता विचारलं, "बसलीस का?"

मागून आई म्हणाली, "मी उभी आहे."

मी इतकी हसले की माझी गाडी डुलायला लागली. हसण्याच्या भरात मला उशिरा लक्षात आलं की पप्पा हसले नव्हते.

पुढची पंधरावीस मिनिटं फार मजेत गेली. ऊन होतं, वारा होता, पप्पांना बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. गाईड कुठली बिल्डिंग कधी बांधली ते सांगत होती आणि पप्पा मागे वळून ते आम्हाला मराठीत सांगत होते, निम्मं स्वतःच्या पदरचं. आई पाण्याकडे बघत सरळ चालली होती. मोकळे केस उडत होते. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि पप्पांचं बरं चाललंय म्हणून तितकीच धाकधूकही वाटली.

मग एका ठिकाणी रस्ता अरुंद झाला. मोटारी आत शिरू नयेत म्हणून कमरेएवढे खांब रोवले होते. दोन खांबांमध्ये ऐसपैस जागा होती. पुढचे सगळे आरामात गेले. पप्पाही निघाले, आणि त्यांचं डावं चाक सरळ डाव्या खांबाला घासलं. गाडी हिसकली. पप्पांचा उजवा पाय फळीवर दाबला गेला आणि गाडी त्यांना घेऊन जोरात बाजूच्या गवतात शिरली. ते पाय टेकवून कसेबसे उतरले. गाडी आडवी झाली. आई मागे रेलून खांबाच्या अलीकडेच थांबली होती.

लागलं काहीच नव्हतं. पप्पा गाईडला "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणत जीन्सवरचं गवत झटकत होते. मग ते चालत त्या खांबापाशी गेले. समोर उभे राहिले. तळहाताने उजवा डोळा झाकला आणि खांबाकडे बघत राहिले. हात काढला, पुन्हा बघितलं.  

परत येऊन त्यांनी हेल्मेट काढलं आणि मी इथे बसतो म्हणाले. टूर त्याच वाटेने परत येणार होती. आई उतरायला लागली तर तिला थांबवून म्हणाले, "तू जा. अर्धवट सोडू नको." आणि हात पुढे करून तिच्या खांद्याला अडकवलेली पर्स घेतली. मीही त्यांच्याजवळ थांबले. आई आमच्याकडे दोनदा बघून रांगेत निघून गेली.

आम्ही बाकावर बसलो. पप्पांच्या मांडीवर आईची पर्स, पर्समधून ओढणीचं टोक बाहेर आलेलं. ते टोक त्यांनी आत सारलं, मग पुन्हा सारलं.

"खांब होता हेच कळलं नाही मला," ते म्हणाले. "तिथे पोरगं असतं तर?"

 मी म्हटलं, आईला शिकवा ना मग. तिला येईल. बघितलंत ना तुम्ही?

"बघितलं ना. पहिल्या मिनिटातच बघितलं." त्यांनी पर्सची चेन ओढून बंद केली. "सगळं आयुष्य तिने माझा खांदा धरला. कुठं जायचं म्हटलं की माझ्याकडे बघायची. ती चालवायला लागली तर मी कशाला लागतो तिला?"

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. ऐकून मला आधी राग आला. एवढ्याशा कारणासाठी या माणसाने एका बाईला वर्षानुवर्षं रिक्षाच्या रांगेत उभं केलं. पण त्यांच्यासाठी ते एवढंसं नव्हतं, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा कळलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.

रांग परत आली तेव्हा आई गाईडच्या पाठोपाठ होती. वळणावर ती अलगद कलली आणि सरळ झाली. पप्पा पुढे वाकून बघत होते. म्हणाले, हिने वळण बघ कसं घेतलं, आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी गोऱ्या बाईला बोट दाखवून सांगितलं, माय वाइफ. आई उतरली, तेव्हा तिच्या हातात पर्स देत म्हणाले, घरी गेल्यावर शिकवतो. पण गिअरची गाडी आहे, हात भरून येतील.

"भरू देत," आई म्हणाली.

पुढची कथा मला फोनवर हप्त्याहप्त्याने कळली. खरवईत बिल्डिंगमागच्या रिकाम्या प्लॉटवर शिकवणी सुरू झाली. पप्पा ओरडायचे, आई वर्गात बोलते त्या आवाजात उत्तर द्यायची. एकदा ती वाळूच्या ढिगात गेली. एकदा पप्पा रुसून घरी गेले आणि ती एकटीच चकरा मारत राहिली. क्लच जमला, गिअर जमला, लायसन्सही आलं. एवढंच राहिलं की ती जड गाडी कलंडवून कीक मारणं तिच्या ताकदीत बसेना.

हिवाळ्यात मी परत आले. पहिल्याच रविवारी दोघं अंबरनाथला जुन्या विहारात वंदनेला निघाले. आई पांढऱ्या साडीत, पदर कमरेला खोचलेला, हेल्मेटसाठी अंबाडा मानेवर खाली घातलेला. पप्पाही पांढऱ्या शर्टात. मी पार्किंगपर्यंत सोडायला गेले. पप्पांनी प्लास्टिक काढून माझ्या हातात दिलं. स्कूटर स्टँडवरून उतरवली, एका अंगाला चांगली कलंडवली, क्षणभर धरली, सरळ करून कीक मारली. मग हँडल आईच्या हातात दिलं आणि बाजूला झाले. वॉचमनने गेट उघडलं.

आई पुढे बसली. पप्पा पाय टाकून मागे बसले. मागे बसल्यावर हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग पाठीमागे स्टेपनीला धरून पाहिलं, मग परत मांडीवर आणले.

आईने मान वळवली नाही. इंजिनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तिने मोठ्याने विचारलं, "बसलात का?"

पप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बसलो. चल."